जुना ट्रक स्वतः दुरुस्त करायचा का? एकेक काम पारखून ठरवा

जुना ट्रक दारात येऊन उभा राहिला की सल्ला देणाऱ्यांचे दोन गट पडतात. एकांच्या मते जुन्या गाडीत आहेच काय, सगळं लोखंड. पाना घ्या आणि खोला. दुसऱ्यांच्या मते मिस्त्रीशिवाय बॉनेटही उघडू नये. दोन्हीकडे खोट एकच आहे. अख्ख्या ट्रकचा निकाल ते एका वाक्यात लावून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्याच ट्रकचा डिझेल फिल्टर नवखा माणूस पुस्तक वाचून बदलू शकतो, आणि त्याच ट्रकच्या मागच्या चाकाचं स्प्रिंग ब्रेक चेंबर (जोरदार स्प्रिंगने ब्रेक लावणारा डबा) उघडायला गेला तर जीव गमावू शकतो.

म्हणून ठरवायचं ते एकेका कामाबद्दल. त्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: हे काम माझ्या हातून चुकलं, तर ती चूक कुठे उघडी पडेल? ऑइल फिल्टर नीट बसला नसेल तर इंजिन सुरू करताच खाली तेल टपकायला लागतं. गाडी जागेवर उभी असते, इंजिन बंद करायचं आणि पुन्हा बसवायचं. स्टिअरिंगच्या जॉइंटची पिन विसरली, तर ते कळतं माल भरलेल्या गाडीने वळण घेताना. अवघड-सोपं हा भाग त्यानंतरचा. स्टिअरिंगची पिन लावणं हे काम म्हणून फिल्टरपेक्षा सोपंच आहे.

इथे जुना ट्रक म्हणजे मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन, हवेचे किंवा हायड्रॉलिक ब्रेक आणि नावापुरतंच इलेक्ट्रॉनिक्स असलेली गाडी. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक ताब्यातलं, उच्च दाबाचं डिझेल फवारणारं) इंजिन असेल तर डिझेलच्या लाइनचं सगळं काम सरळ बाहेर द्या. तिथला दाब हजार बारच्या पुढे असतो आणि स्कॅनर नसेल तर नेमका दोष शोधताही येत नाही.

पहिली पायरी: पाना न उचलता पाहणी

खोलण्याआधी एक दिवस नुसता बघण्यात घालवा. गाडी धुवा, कारण तेला-मातीच्या थराखाली गळती कुठून आहे ते दिसत नाही. इंजिन आणि चेसिस नंबर लिहून घ्या आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. ते मिळतच नसेल तर तुम्ही स्वतः करायच्या कामांची यादी आपोआप निम्मी होते. कुठला नट किती आवळायचा आणि टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप किती ठेवायचा, हे अंदाजाने ठरवायच्या गोष्टी नाहीत.

मग थंड इंजिन सुरू करून धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा, मग नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग). निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ येऊन गेला तर काळजी नाही, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत जातोय किंवा डिझेल नीट जळत नाही. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडी वाफ चालते, पण झाकण उडेल इतका जोर आणि भकाभका धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजलेत. अशा इंजिनाला नवे फिल्टर, नवे नोजल घालत बसणं म्हणजे खर्च पुढे ढकलणं. आधी इंजिन करायचं की गाडीच विकायची, हा निर्णय घ्या.

हवेचे ब्रेक असतील तर टाकी पूर्ण भरू द्या. चाकांना ठोकळे लावून इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा आणि गेज बघा. ट्रेलर नसलेल्या गाडीचा दाब मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त पडू नये. पेडल दाबून धरलं तर ३ पीएसआयपेक्षा जास्त नको. हे बघायला हत्यार लागत नाही आणि गाडीबद्दल बरंच कळतं. टाकीखालची ड्रेन कॉक उघडा. पाणी निघालं तर नवल नाही, पण सोबत ऑइल येत असेल तर कॉम्प्रेसर झिजलाय.

दिसेल ते सगळं वहीत लिहा. यादी लांब होईल, त्याने बिचकू नका. यातलं बरंचसं वर्षानुवर्षं तसंच चाललेलं असतं.

दुसरी पायरी: यादीचे तीन ढीग

पहिला ढीग बिनधोक स्वतः करायचा: ऑइल आणि फिल्टर, ग्रीसिंग, बेल्ट, होज पाइप, बॅटरीची टर्मिनल, बल्ब, वायरिंगचे जोड, हवेच्या टाकीतलं पाणी काढणं. यातली दोन कामं आधी शिका, ग्रीसिंग आणि डिझेल फिल्टर.

ग्रीसिंगला लोक हलकं काम समजतात, पण नवख्यासाठी त्याच्याइतकी चांगली शाळा नाही. एकेक निपल (ग्रीस भरायचं तोंड) शोधत गाडीखालून फिरलात की किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन), शॅकल (पाट्यांचं टोक चेसिसला जोडणारा दुवा), प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आणि सेंटर बेअरिंग तुम्हाला नावानिशी कळतात. कुठे खेळ आहे, कुठला रबर फाटलाय, कुठल्या पाट्याला चीर आहे, हे सगळं त्याच फेरीत दिसतं. ग्रीस मारण्याआधी निपल पुसा, नाहीतर तोंडावरची माती आपणच आत ढकलतो. क्रॉसला ग्रीस मारताना चारही टोकांनी जुनं ग्रीस बाहेर यायला हवं. तीनच टोकांनी आलं तर चौथं कोरडं चाललंय. ब्रेकच्या कॅमला मात्र हात राखून मारा. तिथलं जास्तीचं ग्रीस ड्रममध्ये ब्रेकच्या लायनरवर गेलं तर त्या चाकाचा ब्रेक गेला म्हणून समजा.

डिझेल फिल्टर बदलला की लाइन हवा घेते आणि गाडी सुरू होत नाही. नवखा इथेच घाबरतो. हवा काढायची रीत एकदा हाताला बसली की मध्येच डिझेल संपून गाडी बंद पडली तरी अडत नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू सैल करा आणि फीड पंपावरचा हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळा. नंतर हेच इंजेक्शन पंपाच्या ब्लीड स्क्रूवर करा. बरेच जण नवा फिल्टर वरून डिझेलने भरूनच बसवतात. मला ते पटत नाही. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपाकडे जातं, आणि पंपाची सगळी मदार स्वच्छ डिझेलवर असते. हातपंप चार मिनिटं जास्त मारावा लागला तर मारावा.

दुसरा ढीग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच लोक विसरतात. यात अशी कामं येतात जिथे खोलणं-बसवणं तुमचं आणि टेबलावरचं काम कारागिराचं. सेल्फ (स्टार्टर मोटर), अल्टरनेटर, रेडिएटर, नोजल, प्रोपेलर शाफ्ट, फ्लायव्हील. मिस्त्रीचा बराच वेळ भाग काढण्यात आणि बसवण्यात जातो. तो वेळ तुम्ही दिलात तर गाडी गॅरेजमध्ये अडकून पडत नाही, आणि ज्याला खास मशीन लागतं तेवढंच काम बाहेर जातं.

पण भाग काढण्याआधी तोच दोषी आहे याची खात्री करा. सेल्फ जोर करत नसेल तर आधी व्होल्टमीटर लावा. २४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या असतात. पूर्ण चार्ज झालेली, विसावलेली एक बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. एक १२.६ आणि दुसरी ११.८ दाखवत असेल तर सेल्फ बिचारा निर्दोष आहे. इंजिन चालू असताना दोन्ही मिळून साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसायला हवेत. ते दिसत असतील तर अल्टरनेटरला हात लावू नका. बॅटरीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनला जाणाऱ्या अर्थच्या केबल्स काढून, घासून, परत आवळा. जुन्या गाडीत सेल्फचं दुखणं बऱ्याचदा तिथेच निघतं. सेल्फ काढायचाच ठरला तर आधी बॅटरीची अर्थ केबल सोडा. हातातलं घड्याळ आणि अंगठी त्याआधी.

नोजल काढताना पाइपांची टोकं लगेच झाका आणि बसवताना खालचे तांब्याचे वायसर नवेच घाला. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या फ्लँजवर आणि मधल्या सरकत्या जोडावर रंगाने किंवा छिन्नीने खुणा करा. शाफ्ट फिरवून बसवला गेला तर गाडी थरथरते, आणि मग माणूस चाकं, इंजिनाचे माउंटिंग, सेंटर बेअरिंग बदलत सुटतो.

क्लच प्लेट या ढिगाच्या काठावर बसते. समजायला सोपं काम आहे, पण जड ट्रकचा गिअरबॉक्स शे-दोनशे किलोंच्या घरात किंवा त्याहून जड असतो. तो नीट सरळ रेषेत मागे ओढायला आणि परत नेऊन बसवायला गिअरबॉक्सचा जॅक लागतो. दोन मित्र आणि एक फळी यावर हे काम होत नाही. गिअरबॉक्स शाफ्टवर लटकू दिला तर नवी प्लेट बसवता बसवताच वाकते.

तिसरा ढीग नवख्याने स्वतः करू नये असा:

- स्प्रिंग ब्रेक चेंबर. आतली स्प्रिंग कित्येकशे किलोंच्या जोराने दाबलेली असते आणि हवा सोडली तरी ती मोकळी होत नाही. क्लॅम्प उघडला तर झाकण गोळीसारखं सुटतं. केजिंग बोल्टने स्प्रिंग बांधून अख्खं चेंबर बदलता येतं, पण ते पहिल्यांदा जाणत्याच्या हाताखाली करा. चेंबर उघडू तर कधीच नका.
- रिंग असलेली, अनेक तुकड्यांची रिम. नट सैल करण्याआधी जोडचाकांमधल्या दोन्ही टायरांची हवा पूर्ण काढावी लागते, आणि भरताना चाक पिंजऱ्यात असावं लागतं. पिंजरा नसेल तर टायरवाल्याकडे जा.
- स्टिअरिंग बॉक्स, किंगपिन, टाय रॉडचे जॉइंट.
- इंजेक्शन पंपाची आतली जुळणी. टेस्ट बेंचशिवाय ती होतच नाही. डिफरन्शिअलमधल्या क्राउन-पिनियनचंही तेच. तिथला खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात.
- चेसिसच्या मुख्य पट्ट्यांवर वेल्डिंग किंवा नवं भोक. बऱ्याच चेसिसचं पोलाद उष्णतेने कमावलेलं असतं, आणि वेल्डिंगच्या शेजारीच पुढची चीर जाते.

यातली कामं करायची नसली तरी तपासायची मात्र तुम्हीच. किंगपिनचा खेळ बघायला पुढचं चाक उचलून टायरखाली पहार घाला आणि वर-खाली हलवा. कुणाला तरी ॲक्सलजवळ बघत बसवा. ब्रेकचा लायनर किती उरलाय, चेंबरचा दांडा पेडल दाबल्यावर किती बाहेर येतो, हे मोजून लिहा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

तिसरी पायरी: जागा आणि आधार

जागा कडक आणि सपाट हवी. मातीत जॅक रुततो, आणि डांबर उन्हात मऊ पडतं, तिथे जॅकखाली जाड फळी लागते. जॅक उचलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. वजनाच्या हिशेबाची घोडी (पक्का लोखंडी स्टँड) ॲक्सल किंवा चेसिसखाली लावा, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी हलवून बघा आणि मगच खाली शिरा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक घोडीच्या जागी चालत नाहीत. ते न सांगता फुटतात.

पुढे झुकणारी केबिन असेल तर तिची आडकाठी बसलीय का ते हात लावून बघा. डंपरची बॉडी वर असेल तर तिची टेकू-दांडी लावल्याशिवाय खाली वाकूही नका. हायड्रॉलिक पाइप फुटला तर पळायला वेळ मिळत नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण आणि चालू इंजिनाच्या नोजल पाइपची गळती, या दोन गोष्टींपासून हात लांब ठेवा. जुन्या पंपाचाही दाब शेकडो बारचा असतो. गळतीची धार कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि तरीही थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

चौथी पायरी: हत्यारं आणि दिवसांचा हिशेब

कारवर काम केलेल्यांची इथे गल्लत होते. कारच्या चाकाचा नट १०० ते १२० न्यूटन-मीटरला आवळतात. जड ट्रकच्या २२ मिमी स्टडच्या नटाला ६०० किंवा त्याहून जास्त लागतात. कारचा सॉकेट सेट तिथे फुटतो. पाऊण किंवा एक इंची ड्राइव्हचे सॉकेट, लांब दांडा, मोठा टॉर्क पाना, वीस टनांच्या आसपासचा जॅक हे सगळं एका कामासाठी विकत घेणं परवडत नाही. ज्या हत्याराची वर्षातून अनेकदा गरज पडेल ते घ्या, एकदाच लागणारं उसनं किंवा भाड्याने आणा. घोड्या मात्र स्वतःच्या आणि चांगल्या घ्या.

वेळेचा अंदाज करताना गंज धरा. मॅन्युअलमध्ये दोन तासांचं म्हणून दिलेलं काम जुन्या गाडीवर दिवस खातं, कारण एखादा बोल्ट फिरतच नाही, दुसऱ्याचे आटे जातात, तिसरा तुटून निम्मा आत राहतो. आदल्या रात्रीच जोडांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट बदलावा लागला तर डोक्यावरचा आकडा बघून घ्या. १०.९ च्या जागी ८.८ बसतो खरा, आकार तोच असतो, पण तेवढा ताण तो सोसत नाही. बोल्ट तापवायचा असेल तर आसपास डिझेल टाकी, ब्रेकचे पाइप, रबर नाही ना, ते आधी बघा.

ट्रकवर पोट चालत असेल तर उभ्या गाडीचे दिवस हिशेबात धरा. तीन दिवस स्वतः खपून मिस्त्रीचे पैसे वाचले, पण तीन दिवसांचं भाडं बुडालं, तर वाचलं काय? अशा गाडीवर स्वतःची कामं फेऱ्यांच्या मधल्या वेळेत बसतील तेवढीच ठेवा. हौसेचा ट्रक असेल तर वेळ फुकट आहे, मग दुसऱ्या ढिगातली बरीच कामं खुशाल करा. दोन्हीकडे नियम एकच: सुटे भाग हातात आल्याशिवाय खोलायचं नाही. जुन्या मॉडेलचं एखादं सील मिळेपर्यंत गाडी आठवडाभर घोड्यांवर उभी राहते.

पाचवी पायरी: मिस्त्रीशी नातं

तिसऱ्या ढिगासाठी मिस्त्री लागणारच, तेव्हा पहिल्या ढिगाची कामं करता करता तो शोधून ठेवा. मी त्याच्या दुकानाचा थाट बघत नाही. गाडी खोलण्याआधी तो प्रश्न विचारतो का? काढलेला भाग दाखवून का बदलायचा ते सांगतो का? शेजारी उभं राहू देतो का? शिकायचंय हे त्याला सरळ सांगा. किंगपिन बदलताना दिवसभर पाने हातात देत उभं राहिलात, तर पुढच्या वेळी खेळ किती झाला की काम काढायचं, हे तुमचं तुम्हाला कळेल.

अर्धं खोललेलं काम त्याच्यापुढे नेऊन टाकायची वेळ आलीच, तर सगळे बोल्ट एका डब्यात नेऊ नका. कुठले बोल्ट कुठले, हे शोधण्यात त्याचा अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे तुम्हीच देता. खोलतानाच प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी, आणि दर टप्प्याला मोबाइलवर फोटो.

खोलल्यावर मॅन्युअलमधल्या चित्राशी जुळत नसलेलं काही दिसलं, किंवा हातात आलेला भाग कुठून आला ते कळेना, तर तिथेच थांबा आणि त्याला फोन करा. जुन्या गाडीत आधीच्या कुणीतरी जुगाड केलेला असतोच, आणि तो का केला ते मॅन्युअलमध्ये सापडत नाही.

सहावी पायरी: काम झाल्यावर

आधी जागेवर: गळती, दाब, आवाज. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने, दर थोड्या वेळाने ब्रेक दाबत. मग रिकामी गाडी जवळच्या सपाट रस्त्यावर, आणि परतल्यावर हब आणि ड्रमजवळ हाताची उलटी बाजू नेऊन बघा, न चिकटवता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक अडकतोय. भरलेली फेरी त्यानंतर.

चाक काढलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. रंगाचे थर आणि गंजाचे पापुद्रे बसले की नट सैल पडतो, मग तो कितीही नीट आवळलेला असो. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय बदललं आणि नट कधी परत आवळले, एवढं वहीत त्याच दिवशी लिहा.